मढच्या वाळूवर नकाराधिकार

आमची चार मजली इमारत दिंडोशीच्या सोसायट्यांच्या महासंघातून बाहेर पडायच्या बेतात होती. पाच सोसायट्यांचा महासंघ, पण जगातल्या बड्या देशांना असतो तसा नकाराधिकार फक्त तीन संस्थापक प्रतिनिधींना. एकाने मान हलवली की ठराव मेला. मी आमच्या इमारतीची प्रतिनिधी, म्हणजे सभेत चहा प्यायला. आम्ही सोडून जाऊ नये म्हणून अध्यक्ष प्रधानकाकांनी, म्हणजे तिघा संस्थापकांपैकी एकाने, सगळ्यांची मढच्या समुद्रकिनारी सहल काढली.

जायचं असेल तर रविवारी सकाळी लवकर निघा, नाहीतर अंधेरीतच वाट लागते. वर्सोव्याच्या जेट्टीवर सुकणाऱ्या बोंबलांचा वास घेत होडीत चढायचं. भाडं किरकोळ, स्कूटरसुद्धा चढते. पलीकडे शेअर रिक्षा मिळते.

इथवर सगळं झकास. मग जेवणाचा ठराव आला. काट्यांच्या भीतीने प्रधानकाकांना मासे नको. दुसऱ्या संस्थापकांना समुद्रावर येऊन पनीर नको. तिसऱ्यांना बाहेरचं काहीच नको. सगळे ठराव पडले. ऊन चढलं, पोरं रडायला लागली आणि हे तिघे वाळूत चादर टाकून उपसमिती नेमत बसले.

शेवटी प्रधानकाकू उठल्या.

"अहो, हा अधिकार तुम्हाला दिला कुणी?"

"महासंघाने."

"आणि महासंघाचे नियम कुणी केले?"

काकांनी उरलेल्या दोघांकडे पाहिलं. "आम्ही तिघांनी."

"बसा मग तिघंच," म्हणून काकू गावाच्या दिशेने चालू लागल्या. मागोमाग आम्ही सगळे.

एका कोळीण मावशींकडे घरगुती खानावळ सापडली. सुरमई, तांदळाची भाकरी, डाळभातही. तुम्ही आधी फोन करून जा. आमची झुंड बघून मावशींनी कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने तिघे दारात आले. सुरमई संपलीय, आता जवळा आहे तोच वाढते, असं मावशींनी सांगितलं. कुणी नकाराधिकार वापरला नाही. जवळा म्हणजे इवलीशी कोळंबी, तिला काटे नसतात, हे कळल्यावर काकांनी तो दोनदा मागून घेतला.

परतल्यावर काकूंनी त्यांच्या सोसायटीत प्रतिनिधीची निवडणूक घ्यायला लावली. उमेदवार दोनच, नवरा आणि बायको. काका पडले. मग बाकीच्या सोसायट्यांनीही निवडणुका घेतल्या आणि नव्या मंडळींनी नकाराधिकार रद्द केला.

आम्ही महासंघात राहिलो. सभा आता दुप्पट लांबतात, भांडणंही जास्त होतात, पण माझं मत मोजलं जातं. प्रधानकाका लोकांमध्ये पहिल्या रांगेत बसतात आणि प्रत्येक ठरावाला हात वर करून विचारतात, जनतेला विचारलंत का? आता अध्यक्ष झालेल्या काकू शांतपणे मतदान घेतात. त्यात काका अजून एकदाही जिंकलेले नाहीत, पण सभा चुकवत नाहीत.