सीटखालचं बटण

‘बॅटरी उतरली असेल,’ असं मी फोनवर म्हणालो, तेव्हा बॅटरी उतरलेली नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. गाडी का सुरू होत नाही, हेही ठाऊक होतं. ड्रायव्हरच्या सीटखाली, डाव्या अंगाला, हात घालून चाचपल्याशिवाय सापडणार नाही असं एक बटण मी बसवून घेतलं होतं. ते दाबल्याशिवाय इंजिनाला डिझेल जात नसे. ही गोष्ट फक्त मला आणि ते बसवणाऱ्या वायरमनला माहीत होती. फोनच्या पलीकडे माझा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ, आणि तो घाईत होता. मी त्याला सांगितलं नाही. वर खोटं बोललो.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारातून चादरी, सतरंज्या, ब्लँकेटं उचलायची आणि जिल्ह्यातल्या बाजारांत, जत्रांत विकायची, हा माझा धंदा. त्यासाठी एक जुना छोटा ट्रक घेतला. मेहुण्याचं बिडकीनला गाड्यांच्या बॉडी बांधायचं शेड आहे. त्यानं ट्रकच्या मागच्या हौद्यावर पत्र्याची एक खोलीच उभी करून दिली. आत झोपायला फळ्या, गॅसची शेगडी, कोपऱ्यात पाण्याची टाकी, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या. बायको तिला गाडी म्हणायचीच नाही, ‘खोली’ म्हणायची. बाजार लांबचा असला की आम्ही दोघं तिच्यातच राहायचो. बायकोनं खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे शिवले होते. शेडमधून गाडी बाहेर काढताना मेहुणा म्हणाला होता, ‘दाजी, आता ताईशी भांडण झालं तरी तुम्हाला घराबाहेर काढता यायचं नाय तिला. घरच बाहेर हाय.’

तीच गाडी आमच्या संभाजीनगरच्या गल्लीत, घरासमोर उभी असताना फुटली. ‘फुटली’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. खरं तर काहीच फुटलं नव्हतं. सकाळी बाहेर आलो तर एका खिडकीची काच चाकाला टेकवून ठेवलेली, अख्खी. तिच्याभोवतीचं काळं रबर गुंडाळून शेजारी ठेवलेलं. आतून गॅसची टाकी, शेगडी, बॅटरी आणि ब्लँकेटांचा एक गठ्ठा गेला होता. शेजारचे काका खाली वाकून काच बघत म्हणाले, ‘फोडली नाय, काढलीय. हे माहितगाराचं काम. बाहेरचा चोर एवढी इज्जत देतो व्हय काचेला?’

ते सहज बोलून दूध आणायला निघून गेले. मी मात्र तिथंच उभा राहिलो. ती काच कुणी बसवली होती, ते मला माहीत होतं. शेडमध्ये दोरी घालून, साबणाचं पाणी लावून रबर चढवताना मी समोर चहा पीत बसलो होतो.

पोलिसांत तक्रार दिली. ‘कुणावर संशय?’ असं विचारलं तेव्हा मी ‘नाही’ म्हणालो. खोटं बोलायला तिथूनच सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर मी गाडी जपायला लागलो, आणि गाडी जपायची म्हणजे मेहुण्यावर लक्ष ठेवायचं, असं माझ्या डोक्यात बसलं. बॅटरीला लोखंडी पिंजरा केला, तो दुसऱ्याच शेडमधून. स्टेपनीला साखळी लावली. डिझेलच्या टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. मागच्या दाराची कुलपं बदलली आणि जुन्या किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडं राहिली आहे हे आठवून मला बरं वाटलं, की आता ती त्याच्या काही कामाची नाही. घरासमोर गाडी लावली की दाराच्या फटीत एक दोरा अडकवून ठेवायचो. सकाळी दोरा जागेवर आहे का ते बघूनच चहा घ्यायचो. एकदा दोरा खाली पडलेला दिसला, तर मी दिवसभर बायकोशी नीट बोललो नाही. तिनं सकाळी झाडताना दार उघडलं होतं, हे दोन दिवसांनी कळलं.

मेहुणा यायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा. त्यानं बांधलेली वस्तू, तो बघणारच. मला मात्र ते चाचपणं वाटायचं.

‘कुलूप बदललं व्हय, दाजी? मला सांगायचं ना, आतून पट्टी मारून दिली असती.’

‘जुनं गंजलं होतं.’

‘आन् मागचं दार भिंतीला टेकवून गाडी लावत जा. उघडायलाच जागा राहत नाय मग.’

सल्ला चांगला होता. मी तो पाळलाही. पण मनात आलं, गाडी कशी उघडता येत नाही हे ज्याला एवढं कळतं, त्याला ती कशी उघडायची हेही कळत असणार.

आणि ती शेगडी. चोरीनंतर काही दिवसांनी त्याच्या शेडमध्ये गेलो तर चहासाठी एक शेगडी आलेली. निळा रंग दिलेली. आमच्या गाडीतली अशी नव्हती, पण रंग काय, देता येतो. पत्र्याच्या शेडमध्ये रंगाला काय तोटा? त्यानं माझ्यासाठी चहा ठेवला आणि मी सगळा वेळ त्या शेगडीच्या बर्नरकडे बघत होतो. ‘काय दाजी, चहा कमी पडंल वाटतंय का?’ त्यानं हसून विचारलं. मीही हसलो.

सीटखालचं बटण त्यानंतर बसवलं. बायकोला सांगितलं नाही. तिला सांगितलं की ते भावाला कळणार, हा माझा हिशेब. तिला गाडी चालवता येत नाही, मग सांगायची गरजच काय, अशी मी माझी समजूत घातली. गाडीची दुसरी किल्ली तिच्याकडं असायची, ती तशीच राहू दिली. बटणामुळे त्या किल्लीला आता काही अर्थ उरला नाही, हे तिला माहीत नव्हतं.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. पैठणला नदीकाठच्या मोकळ्या मैदानावर आम्ही गाडी लावली होती. सकाळची विक्री बरी झाली, चादरी संपत आल्या, म्हणून बायकोला दुकानावर ठेवून मी माल आणायला एसटीनं शहरात आलो. गुलमंडीवर गठ्ठे बांधून घेत असताना फोन वाजला. मेहुण्याचा.

‘दाजी, पैठणला आलोय. धरणाचं पाणी सोडत्यात म्हणं. लाऊडस्पीकरची गाडी फिरून गेली, मैदान खाली करा म्हणून. सेल्फ लागतोय, पण गाडी उचलंना. चोरबटण-बिटण लावलंय का कुठं?’

मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. ऊन रणरणत होतं, आठवडाभर आमच्याकडं थेंब पडला नव्हता. तिकडं नाशिककडं पाऊस झाला की इकडं कोरड्या आभाळाखाली धरणाचे दरवाजे उघडतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण त्या घटकेला मला एवढंच ऐकू आलं, की मी गावात नसताना हा माझ्या गाडीत बसलाय आणि बटणाचं विचारतोय.

‘ताई कुठंय?’ मी विचारलं.

‘वर रस्त्यावर. गठ्ठे नेतीय. लवकर बोला दाजी.’

ताईला फोन दे, एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हणालो नाही. मला ते उत्तर सोयीचं वाटलं, बनवलेलं वाटलं.

‘बॅटरी उतरली असेल,’ मी म्हणालो. ‘तू हात लावू नको. मी येतो.’ आणि फोन ठेवला. ठेवल्यावर बघितलं तर त्याच्या आधी बायकोचे फोन येऊन गेले होते. दुकानाच्या गलक्यात मला ऐकू आले नव्हते. मी उलट लावला, तिनं उचलला नाही. यावरूनही ती भावाला सामील आहे, असा भलताच अर्थ मी काढला.

काळीपिवळी जीप पकडून निघालो. वाटेत बिडकीनला त्याच्या शेडला बाहेरून कुलूप दिसलं, आणि माझी खात्रीच झाली. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या जीपमध्ये मी पोलिसांना काय काय सांगायचं, ते मनाशी जुळवत होतो. काचेपासून शेगडीपर्यंत सगळं ओळीनं.

पैठणला पोचलो तर मैदान नव्हतंच. तिथं गढूळ पाणी पसरलं होतं. गाडी वर रस्त्याच्या कडेला होती, चाकं चिखलानं भरलेली, पुढं एक ट्रॅक्टर. गठ्ठ्यांवर बायको बसली होती, तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली. तिच्याशेजारी मेहुणा; मी फोन उचलेना म्हणून तिनंच त्याला बिडकीनहून बोलावून घेतलं होतं. त्याच्या उजव्या हाताला आमच्याच मालातली एक नवी चादर फाडून गुंडाळली होती आणि ती लाल झाली होती. ट्रॅक्टरला साखळी लावताना गाडी मागं सरकली, आणि त्याचं बोट हुक आणि बंपर यांच्यामध्ये सापडलं होतं.

‘गाडी वाचली, दाजी,’ तो म्हणाला.

दवाखान्यात न्यायला गाडी सुरू करायची होती. सगळ्यांच्या देखत मी सीटखाली हात घातला, बटण दाबलं, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. ट्रॅक्टरवाला माझ्याकडं बघत राहिला.

‘म्हंजे बटण होतं,’ मेहुणा म्हणाला.

‘विसरलो रे. घाईत सुचलंच नाही.’

‘होतं असं,’ तो म्हणाला, आणि डोळे मिटून मागं टेकला. बायको माझ्या हाताकडं बघत होती, सीटखालून बाहेर आलेल्या.

बोट राहिलं, पण वाकडं झालं. पत्रा ठोकणाऱ्या माणसाचं उजव्या हाताचं पहिलं बोट. हातोडी धरताना ते आता बाहेर राहतं. तो त्यावर विनोद करायचा. ‘रस्ता दाखवायला बरं पडतंय,’ म्हणायचा. आणि कुणी विचारलं की माझीच बाजू घ्यायचा : दाजी घाबरले, त्यांना आठवलं नाय. तेच मला सहन होत नव्हतं. त्यानं एक शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

बायको त्यानंतर बाजाराला आली नाही. भांडली नाही, रडली नाही. खिडक्यांचे पडदे धुऊन परत लावून दिले आणि म्हणाली, ‘तुम्ही जा.’ बरेच महिने मी एकटाच त्या खोलीत झोपलो. एक दिवस जेवताना तिनं ताटाकडं बघतच विचारलं, ‘तुम्ही विसरला नव्हता ना?’ मी भाकरी मोडत राहिलो. तिनं परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बिडकीनला गेलो. तो एका टेम्पोचं दार ठोकत होता. मी म्हणालो, थांब जरा. तो थांबेना, म्हणून त्या आवाजातच बोललो. बटण विसरलो नव्हतो. तू गाडी पळवतोयस असं वाटलं. ती काच तूच काढलीस असं तेव्हापासून वाटत होतं. तो ठोकायचा कधी थांबला ते मला कळलं नाही. शेवटची वाक्यं मी शांततेत ओरडून बोललो.

त्यानं हातोडी खाली ठेवली. ‘काच मी काढली असती ना दाजी,’ तो म्हणाला, ‘तर परत बसवून गेलो असतो. तशी उघडी टाकून गेलो नसतो.’

मी शेगडीचंही सांगितलं. तेव्हा तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. ‘ती? ती ताईनं दिलीय. तुमच्या घरातलीच जुनी. तुम्ही तिच्यावरचा चहा पंधरा वर्षं प्यालाय.’

चोर कोण होता, ते मला आजही ठाऊक नाही.

‘ताईला सांगितलं का हे?’ त्यानं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यानं वाकड्या बोटानं फोनवर नंबर लावला, मोठ्या आवाजावर केला आणि टेम्पोच्या बॉनेटवर माझ्यासमोर ठेवला. ‘ताई, दाजी आल्यात. काय म्हणत्यात ते ऐक,’ म्हणाला आणि बाजूला झाला.

‘बोला,’ बायकोचा आवाज आला.

मी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. काच, दोरा, शेगडी, बटण, जीपमध्ये काय ठरवत होतो तेसुद्धा. मग मी म्हणालो, ‘मी विसरलो नव्हतो. मी तुझ्या भावाला चोर समजलो, आणि तुलाही त्याच्या बाजूची समजलो. त्याचं बोट माझ्यामुळं वाकडं झालं. मला माफ करा, दोघंही.’