मोटरच्या सुरावर सोलो

लोटन नानांनी माझी गिटार पहिल्यांदा ऐकली ती स्क्रूड्रायव्हर लावून. खोटं नाही सांगत. टोक गिटारच्या लाकडावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. शेतातल्या पाण्याच्या मोटरी ते अशाच तपासायचे. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटर भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वरून वार्निश.

लेक सासरी गेली, तिची गिटार माझ्याकडे राहिली. एकसष्टाव्या वर्षी मी मोबाईलवर बघून बघून वाजवायला लागले. स्पीकरला लावली की खरखर यायची, म्हणून ती घेऊन नानांकडे गेले. त्यांनी सोल्डरचा एक टाका मारून खरखर घालवली आणि म्हणाले, "वाजाड बरं अक्का." मी माझा पाठ केलेला सोलो वाजवला. गाण्याच्या मधे गाणारा थांबतो आणि गिटार एकटी बोलते ना, तो सोलो. माझी बोटं काय धावली म्हणता!

नाना म्हणाले, "अक्का, मानूस बोलस तव्हय मझारमा दम लेस ना? तुनी गिटार दमच लेत नही."

माझी गिटार मधे श्वासच घेत नाही म्हणे! मला रागच आला. मग त्यांनी गिटार मांडीवर घेतली. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, हे मला काय माहीत! डाव्या हाताचं एक बोट पंख्याच्या पात्यात अर्धं गेलेलं. अंगठा सोडून उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी मोजून सहा सूर वाजवले, मधे भरपूर जागा सोडून. दुकानात मोटर घेऊन आलेला यावलचा केळीवाला बिडी पेटवायची विसरला.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी तिथे. भरलेली मोटर तासभर चालवून बघायची असते. ती चालू झाली की नाना म्हणायचे, "हाई तुनी साथीदार. इना सूर धर." त्या घुमण्याला तारा जुळवायच्या आणि त्यावर सोलो वाजवायचा. महिनाभर एकच तार. दुसरीला बोट लागलं की स्क्रूड्रायव्हरने टेबलावर टकटक. आणि प्रत्येक वेळी, "पह्यले गाई दखाड, मंग वाजाड." तोंडाने म्हणता येत नाही ते बोटांनी वाजवायचं नाही, हा त्यांचा नियमच. माझा आवाज म्हणजे फाटका. गल्लीतले लोक हसायचे. नाना त्यांना दटावायचे, "हासतंस काय रे? तुम्हीन गाई दखाडा!" फी विचारली तर म्हणायचे, "चहा पाज."

सहा महिन्यांत माझी बोटं धावायची थांबली आणि बोलायला लागली. ते नानांचं. माझं त्यात काही नव्हतं.

आता जे सांगायचंय ते सांगते.

आमच्या महिला मंडळाचा कार्यक्रम होता. स्पीकर ऐनवेळी खरखरला तर काय, म्हणून नाना दुकान बंद करून आले. स्टेजच्या पायरीशी उकिडवे बसले, माझ्या गिटारची वायर हातात धरून. पँटवर वार्निशचे डाग, खिशात स्क्रूड्रायव्हर. पहिल्या रांगेत आमच्या मंडळातल्या बायका, सगळ्या काठापदराच्या. निवेदन करणाऱ्या बाईंनी माइक माझ्यापुढे धरला, "काकू, या वयात! गुरू कोण तुमचे?"

नाना दोन हातांवर होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या डागांकडे बघितलं आणि म्हणाले, "गुरू कसले हो, मोबाईलवर बघून आपली आपणच शिकले."

टाळ्या पडल्या. मी वाजवलं, आणि चांगलं वाजवलं, हेच तर जास्त मनाला लागतं. जिथे जिथे थांबले, तिथे तिथे नानांची मान हलत होती.

खाली आले तेव्हा ते वायर गुंडाळत होते. "अक्का, आज दम बराबर लिधा," म्हणाले. बस, एवढंच. टोमणा नाही, तोंड वाकडं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी दुकानात गेले नाही. काय तोंडाने जाणार? उद्या जाऊ, माफी मागू, असं दोन महिने चाललं. कधी त्या गल्लीपर्यंत जायची, मोटरचा आवाज ऐकायची आणि परत फिरायची. मग एका सकाळी कळलं, नाना गेले. झोपेतच.

त्यांच्या घरी भेटायला गेले. खोलीत साक्रीकडचे पाहुणे बसलेले. वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, मला जवळ बसवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "ह्याच त्या गिटारवाल्या अक्का. कोनाजोडे शिकन्या नहीत, आपल्या आपणच शिकन्या. नाना बठ्ठास्ले सांगेत."

ऐकलंत ना? माझं खोटं त्या माणसाने शेवटपर्यंत, सगळ्यांपाशी सांभाळलं होतं. स्वतःच्या बायकोलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. रोज दुपारी मी कशाला येते विचारलं असेल वहिनींनी, तर चहाला येते म्हणाले असतील. मी तोंड उघडलं. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून आलं, "हो."

परत तेच. दुसऱ्यांदा.

हे लिहून काढलं तरी सुटका नाही, ते मला कळतं. वहिनींना तोंडानेच सांगायला हवं. काल गिटार मांडीवर घेतली, पण वाजवली नाही. ते वाक्य आधी मोठ्याने म्हणून बघितलं, "मला लोटन नानांनी शिकवलं." पहिल्या वेळी आवाज फुटलाच नाही. दुसऱ्या वेळी मधेच अडकला. चौथ्या-पाचव्या वेळी आलं नीट.

म्हणता आलं. आता जाते.