चौकातलं हॉटेल

हे मी नवऱ्याच्या फोटोलासुद्धा सांगितलेलं नाही – आणि त्याला तर मी सगळं सांगते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, लिहायला वेळ लागतो. पण तोंडाने बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून तुला लिहून सांगते. घाबरू नकोस. गोष्ट तशी हसण्याचीच आहे. निदान बरीचशी.

न्यूझीलंडला, न्यू लिन गावात मुलाकडे राहायला येऊन मला दोन वर्षं झाली होती. मुलगा संजय, सून मेधा – ती फार्मासिस्ट, औषधांच्या दुकानात दिवसभर उभी – आणि नऊ वर्षांची नात ईरा. घर छान, बाग छान. पण रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ! सगळे गाडीत. मला ना गाडी येत, ना इंग्रजी. दोन वर्षांत मी एकदाही एकटी दाराबाहेर पडून कुठे गेले नव्हते. हे सांगायचं कुणाला? सगळे इतक्या प्रेमाने वागत होते.

अशात शाळेच्या सुट्टीत रोमला जायचं ठरलं. संध्याकाळी तिघं कॉम्प्युटरपुढे हॉटेलं बघत बसायची, मी मागे उभी. संजयला एक पसंत पडलं – शहराबाहेर, शांत, पार्किंग फुकट, आणि पोहायला पूल. ईराने पोहायचे कपडे, तिचे ते टॉग्ज, त्याच संध्याकाळी बॅगेत भरले.

मग मेधाने सहज दुसरं एक दाखवलं. जुन्या शहरात, अगदी मधोमध. अरुंद इमारत, वर गच्ची. आणि दारासमोर – चौक. चौकात भाजीबाजार भरलेला. कराडला माझं माहेर मंडईला लागूनच होतं. त्या फोटोतल्या टोमॅटोच्या ढिगांवरून माझी नजर हलेना. या दारातून मी एकटी बाहेर पडू शकेन – एवढंच मनात आलं.

"छे, नुसता गोंगाट," संजय म्हणाला. "आणि भाड्याची गाडी काय डोक्यावर ठेवू?"

तेव्हा सरळ म्हणायचं ना, की मला हे हवंय? पण मला काही हवंय, असं म्हणायची सवयच नाही. मी काय म्हटलं, माहीत आहे? म्हटलं, "त्या दिवसांत संकष्टी येते रे. तुझ्या नव्या नोकरीसाठी नवस बोललेय मी – चंद्र बघितल्याशिवाय जेवायचं नाही. गच्ची असलेली बरी."

नवस कसला! आयुष्यात कधी संकष्टी धरली नव्हती मी. मला भूक सोसत नाही.

संजयचा चेहरा एवढासा झाला. "आई, तू कधी बोलली नाहीस," म्हणाला, आणि चौकातलं हॉटेल ठरलं. "आजी, देन नो पूल? नॉट फेअर!" ईरा रडकुंडीला आली. टॉग्ज बॅगेतून बाहेर निघाले. मीच ते घडी घालून कपाटात ठेवले.

पण रोमची ती पहिली सकाळ! सगळे झोपलेले. मी शाल घेतली, जिना उतरले आणि चौकात उभी राहिले. माणसंच माणसं! कुणी ओरडतंय, कुणी भांडतंय, कुणी कलिंगड कापतंय. एका जाड्या बाईपुढे अंजिरांची टोपली होती. मी सरळ मराठीत म्हटलं, "अगं, पिकलेलं बघून दे की." ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. दोघीही हसलो. पिशवी भरून झाल्यावर तिने आणखी एक अंजीर वर टाकलं – अगदी कराडसारखं! मी एकटी गेले होते आणि एकटीच परत आले. जिना चढताना मला गाणं सुचत होतं. अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मग संकष्टी आली. दिवसभर खालून भाजलेल्या पावाचा वास, आणि मी खोट्या नवसाला खरी उपाशी! माझी मलाच गंमत वाटत होती. पण मेधाने फर्मान काढलं – आई जेवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. अंधार पडला तेव्हा सगळे गच्चीत, पोटात कावळे ओरडतायत. ईरा कठड्याला लटकलेली. "आजी, दिसला! दिसला! कॅन वी ईट नाउ?"

समोरच्या चर्चच्या घुमटामागून चंद्र वर येत होता. न्यूझीलंडला त्यातला ससा उलटा दिसतो. इथे सरळ होता, लहानपणी पाहिलेला. मला इतका आनंद झाला की मी हात जोडले.

ते पाहून मेधा वाकली, माझ्या पाया पडली. "आई, पुढच्या महिन्यापासून मी पण धरते. तुमच्याबरोबर."

तेव्हा खरं बोलता आलं असतं. एवढंसंच तर होतं. सगळे हसले असते, ईरा सगळ्यात जास्त. मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.

हाच माझा गुन्हा. हॉटेलचं खोटं नव्हे – हा आशीर्वाद.

तेव्हापासून तिने एकही संकष्टी चुकवलेली नाही. आजही आहे. दिवसभर दुकानात उपाशी उभी राहून आलीय, पाय सुजलेत, आणि अंगणात ढगांत चंद्र शोधतेय. आत्ता हाक येईल – "आई, या लवकर, दिसला!" मी जाईन. तिच्या शेजारी उभी राहून हात जोडेन. आणि डोळे मिटले की माझ्यापुढे देव नसेल. तो चौक असेल, आणि वर टाकलेलं ते एक अंजीर.