टायरवरचे आमदार

अप्पांना आमदार व्हायला एक टायर पुरायचा. ट्रकचा जुना टायर आडवा टाकायचा, त्यावर ऐसपैस बसायचं, मोबाइल कानाला लावायचा आणि समोरच्याकडे न बघता हातानंच ‘बसा, बसा’ अशी खूण करायची. झालं. पाच मिनिटांपूर्वी ज्यानं आपल्या गाडीत प्रेमानं हवा भरून दिली तो माणूस गायब व्हायचा, आणि त्याच्या जागी असा इसम बसलेला असायचा की निवेदन त्याच्या अंगावर फेकून घरी जावंसं वाटावं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझा दातांचा दवाखाना आहे. दोन गल्ल्या सोडून अप्पांचं टायरचं दुकान होतं. मी मोटरसायकल चालवते. बाईनं मोटरसायकल चालवण्याचं आमच्या गावात काहींना कौतुक वाटतं आणि बऱ्याच जणांना उगीचच दुःख होतं. अप्पांना दोन्ही झालं नाही. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याऐवजी मागच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, “अक्का, हवा कमी हाय.” त्यांचं मूळ गाव कर्नाटक सीमेकडचं, त्यामुळे त्यांना भेटणारी प्रत्येक बाई अक्का. दुकानात जमणाऱ्या मोटरसायकलवाल्यांच्या कंपूत मी अशी शिरले.

या कंपूला एक दुखणं होतं. मलकापूरच्या पुढच्या घाटात वळणांवर लोखंडी कठडे आहेत. मोटारीसाठी ते उत्तम. पण मोटरसायकल घसरली की माणूस कठड्याला अडत नाही, त्याच्या खालून सरकतो आणि खांबावर आपटतो. आमच्यातला सुहास वारणानगरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो. तो असाच भुरभुर पावसात घसरला. पडणं तसं किरकोळ होतं, पण खांबानं त्याचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. कठड्याच्या खालच्या बाजूला आणखी एक पट्टी असती तर तो कपडे झटकून घरी आला असता. त्याच घाटातून आम्ही सगळे जात होतो, आमची पोरंही आता जाऊ लागली होती. आमदारांना समक्ष भेटायचं ठरलं, आणि आमची तयारी करून घ्यायचं काम अप्पांनी अंगावर घेतलं.

आम्हाला खरं तर खड्डे, पार्किंग, गतिरोधक असं सगळंच मागायचं होतं. अप्पांनी एका झटक्यात ते बाद केलं. “सतरा मागण्या घिऊन गेलासा तर सायेब त्यातली सोप्पी उचलणार. एक पाटी रंगवून देणार आन् फोटो काढणार. एकच मागायची. पट्टी.” शाल, नारळ, हार यांवरही बंदी. हार घातला की आपण सत्काराला आलो असं साहेबांना वाटतं, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर त्यांनी रिक्षाथांब्यापासून गटारीपर्यंत कशाकशासाठी निवेदनं दिली होती आणि बहुतेक वेळा चहा पिऊन परत आले होते. चहावर म्हणूनच त्यांचा फार राग. “चहा घेतला की मान्सू पावणा हुतो. आन् पावण्याला मग भांडता येत न्हाय. आदी इचारायचं, मग कप उचलायचा.”

तालमी दुपारी व्हायच्या, गिऱ्हाईक कमी असताना. टायरवरचे आमदार गोड आवाजात विचारायचे, “गाव कंचं म्हणायचं?” आमचा एखादा वीर अभिमानानं गाव सांगायचा, मग मामांचं नाव, मग आत्याची सोयरीक. कोल्हापुरात दोन माणसं थोडा वेळ बोलली की नातं निघतंच. ते निघालं की अप्पा टाळी वाजवायचे. “संपली भेट. म्होरचं या!” माझी गत याहून वाईट झाली. मी ठरलेलं पहिलं वाक्य बोलले न बोलले तोच साहेबांनी गालावर हात ठेवला. “डाक्टर, ही दाढ जरा ठणकतीया बगा.” मी उठून त्यांच्या तोंडात बघायला लागले! अप्पा डोळे पुसत हसले. “गेलासा की अक्का! सगळा टाइम माज्या दाढंत घालवलासा.”

सुहासची पाळी आली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. अप्पांनी विचारलं, “गाडी किती स्पीडनं हुती?”

“पन्नासच्या आत.”

“पावसात? तुज्याच चुकीनं पडलास म्हण की.”

“अप्पा, तुमाला सगळं म्हाईत हाय!”

“मी अप्पा न्हाय. आमदार हाय. बोल.”

सुहास उठला आणि कृत्रिम पायावर लंगडत निघून गेला. मी अप्पांवर भडकले. कुणाची जखम अशी उकरतात का, असं बरंच काही बोलले. ते टायरवरून उठले तेव्हा पुन्हा आमचे अप्पा झाले होते, चेहरा पडलेला. “अक्का, हितं चिडला तर मी समजूत काढीन. थितं चिडला तर पट्टी गेली.” त्या रात्री ते जेवले नाहीत, असं त्यांच्या सूनबाईंनी नंतर मला सांगितलं. सकाळी अप्पांनी एसटीनं वारणानगर गाठलं. माफी मागायला गेलेला माणूस कॅन्टीनमध्ये बसला आणि त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला! सुहासनं मला हे सांगताना कपाळाला हात लावला होता.

भेटीच्या दिवशी आम्ही हातात हेल्मेट घेऊन आमदारांच्या बंगल्यावर गेलो. साहेब बाहेर आले, अप्पांना बघितलं आणि थेट वाकून पाया पडले. “अप्पा, तुमी? आमचं बाबा तुमच्याकडनंच जीपचं टायर घ्यायचं की!” अप्पा विरघळले. बाबांची जीप निघाली, बाबांचा स्वभाव निघाला, कुठलीशी आत्याही निघाली. चहा आला आणि अप्पांनी कप उचलला. आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. दाराशी पुढची माणसं उभी राहिली होती आणि साहेबांचा सचिव घड्याळ बघत होता. मला रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात सुहास म्हणाला, “सायेब, चहा घेतो की. आदी एक काम सांगायचं हाय.” त्यानं कठडा सांगितला, खांब सांगितला, पट्टी सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गाडी किती स्पीडनं होती?”

सुहास शांतपणे म्हणाला, “पन्नासच्या आत. पण समजा शंभरनं असती, तर दंड करा, लायसन काढून घ्या. पाय कापायची शिक्षा कंच्या कायद्यात हाय, सायेब?”

साहेबांनी कप खाली ठेवला. अप्पांनीही ठेवला, आणि मग मान वर केली नाही. साहेबांनी आमच्यासमोरच अभियंत्यांना फोन लावला. पुढे ते स्वतः घाटात येऊन कठड्यापाशी उकिडवे बसले, आणि अधिवेशनात प्रश्नही त्यांनी मांडला. बंगल्याबाहेर पडताना अप्पा म्हणाले, “पोरगं पास. मास्तर नापास.” सुहासनं त्यांना मिठी मारली.

पट्टी बसायला पुढचा पावसाळाही उलटावा लागला, आणि तीही अवघड वळणांवरच बसली. तोवर अप्पांचं हृदय थकलं होतं. ते इस्पितळात होते. पट्टी बघायची त्यांची फार इच्छा, पण डॉक्टर सोडत नव्हते. म्हणून एका रविवारी मीच गेले. वळणावर गाडी लावून फोटो काढत होते, तर समोरून भाजीचे क्रेट बांधलेला एक मोटरसायकलवाला आला आणि ओल्या मातीवर घसरला. गाडी एकीकडे, तो एकीकडे. सरकत आला, पट्टीला थडकला आणि थांबला. मी धावले. तो उठून बसला, हातपाय हलवून बघितले, टोमॅटो गोळा केले आणि गेला.

मी तिथूनच अप्पांना फोन लावला. तेच आमचं शेवटचं बोलणं ठरलं. त्याच आठवड्यात अप्पा गेले, आणि आजही त्या दुकानावरून जाताना माझी गाडी आपोआप हळू होते. फोनवर त्यांचा आवाज अगदी बारीक येत होता.

“पट्टीलाच आडला? तुमी बगितलंसा?”

“माझ्यासमोर, अप्पा. खरचटलंय फक्त.”

“काय म्हनला?”

“शिव्या दिल्या. रस्त्याला, सरकारला, आणि बघत उभी राहिले म्हणून मलासुद्धा.”

मग अप्पा पूर्वीसारखे मोठ्यानं हसले.

“शिव्या दिल्या न्हवं? मग धड हाय गडी.”