फौजी काकूंची थंडी

आमच्या सुदामा नगरातल्या फौजी काकू कोंबड्यांची हजेरी घ्यायच्या. रोज सकाळी, दात घासायच्याही आधी. परसातल्या खुराड्याचं दार उघडायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि खणखणीत आवाजात पुकारा करायचा, "सुभेदारीण! हवालदारीण! जमादारीण!" कोंबड्या एकेक करून बाहेर येत. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे गजर लावायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

काकू स्वतः फौजेत कधीच नव्हत्या. त्यांच्या सासरचे कुणी खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते, एवढाच काय तो संबंध. तलवार भंगारात गेली, जमीन भाऊबंदांनी खाल्ली, उरला तो रुबाब. काका होते तोवर तो काकांवर चालला. काका गेले, मुलगा शेखर नोकरीसाठी बंगळूरला गेला, तेव्हा काकूंनी गौतमपुऱ्याच्या हाटातून पाच कोंबड्या आणल्या. रुबाब कुणावर तरी चालवायलाच हवा! रविवारी त्या कोंबडीचा झणझणीत रस्सा करायच्या, पण कोंबडी बाजारातली. घरची का नाही, असं मी एकदा विचारलं.

"अरे, अपनी फौज कोई खाता है क्या?" त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक तंगडी वाढली.

त्यांची खरी मोहीम डिसेंबरात सुरू व्हायची. इंदूरची थंडी तशी तळलेला गराडू कंद खाण्यापुरतीच, पण काकू ती हिमालयातली समजून चालायच्या. खुराड्याला बारदानाचे पडदे, आत साठ वॉटचा पिवळा बल्ब, खाली भुसा, प्यायला कोमट पाणी, बाजरीत ठेचलेला लसूण. थंडीनं तुरे फुटू नयेत म्हणून तुऱ्यांना तेल, आणि तेही स्वतःच्या केसांचं आवळ्याचं. जानेवारीत काकूंना आणि कोंबड्यांना एकच वास यायचा. एवढं करूनही त्या दिवसांत अंडी अगदी मोजकीच मिळत. काकूंना त्याचा राग नव्हता. "छुट्टीवर आहेत भिया. फौजेला छुट्टी नसते का?"

शेखर दर दिवाळीला यायचा आणि आईला बंगळूरला चल म्हणायचा. काकूंना ते घर, ते परस, सकाळचा तो पुकारा सोडायचा नव्हता, पण एकुलत्या एका मुलाला तोंडावर नाही म्हणणंही जिवावर यायचं. मग त्या म्हणायच्या, "थंडी निघू दे रे. या बिचाऱ्यांना ठंडीत कुठे सोडू?" थंडी निघाली की शेखरला रजा नसायची. असे सहा हिवाळे काकूंनी जिंकले.

त्यांच्या दुसऱ्या बाजूला बाहेतीजी. धान्याचे व्यापारी, कडक शाकाहारी, घरात लसूणसुद्धा चालत नाही. "काकीजी, ये कॉलनी है कि मुर्गीखाना?" हा त्यांचा रोजचा सवाल. आणि दर डिसेंबरात भिंतीवरून बारदानं टाकायचे तेही बाहेतीजीच. "रद्दी है, फेंकने ही वाला था," असं आम्ही न विचारताच सांगायचे.

एका संक्रांतीला मात्र कहर झाला. काका गेल्यावरही काकू संक्रांतीचं वाण लुटायच्या. कुणी नाक मुरडलं तर त्याला वाण मिळायचं नाही, एवढंच. कंगवे आणि चाळण्या वाटणं त्यांना मंजूर नव्हतं. "वस्तू अशी द्यावी की संध्याकाळपर्यंत खपली पाहिजे!" म्हणून थंडीतली ती दुर्मीळ अंडी जमवून आमच्या मराठी घरांना डब्यातून दोन-दोन, आणि बाहेतीबाईंच्या डब्यात तिळाचे लाडू. डबे सगळे सारखे. व्हायचं ते झालं. अर्ध्या तासात बाहेतीजी फाटकाशी उभे. "काकीजी, धरम भ्रष्ट करोगी क्या हमारा?" काकूंनी कान पकडले, माफी मागितली, डबा परत मागितला. तो दुसऱ्या दिवशी आला, घासूनपुसून, रिकामा. अंडी कुठे गेली हे विचारण्याइतकं निर्दय कुणी नव्हतं. बाहेतींचा नातू तेव्हा जिमला जायचा, एवढंच सांगतो.

फौज म्हातारी होत गेली. सातव्या हिवाळ्यात एकटी सुभेदारीण उरली. त्याच सुमारास शेखरचा मला फोन आला आणि माझ्या जिभेला हाड नाही. "आता एकच राहिली रे," मी बोलून गेलो. ती एकही जानेवारीच्या सुरुवातीला गेली. संक्रांतीला शेखर दोन तिकिटं घेऊन हजर.

सुभेदारीण गेल्यापासून पुकारा बंद होता. त्या सकाळीही मी उशिरा उठलो आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. काकूंकडे गेलो तर बॅग भरलेली, काकू खुर्चीत गप्प. त्यांना इतकं गप्प मी काकांच्या तेराव्यालाही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेतीजी आत आले. हातात झाकलेली टोपली, तीही अंगापासून हातभर लांब धरलेली, मान दुसरीकडे वळवलेली.

"काकीजी, आपके में संक्रांत पे वाण देते हैं ना? ये हमारी तरफ से."

टोपली कॉक कॉक करू लागली. शेखरनं कापड उचललं. आत दोन तांबड्या कोंबड्या.

"गौतमपुरा से लाया हूँ," बाहेतीजी भिंतीकडे बघत म्हणाले. "दोनों ने पूरी गाड़ी में हग दिया."

काकूंनी एकदा बाहेतीजींकडे पाहिलं, एकदा शेखरकडे. मग उठून आवळ्याच्या तेलाची बाटली घेतली आणि परसाकडे निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "थंडी निघू दे रे."

शेखर हसला आणि त्यानं बॅग परत आत नेऊन ठेवली.

त्यानंतर पुढचाही हिवाळा काकूंनी पुरा काढला आणि मार्चमध्ये झोपेतच गेल्या. शेखर कोंबड्या कुणाला तरी देणार होता, पण तो विचारायला जाईपर्यंत खुराडंच बाहेतीजींच्या अंगणात पोचलं होतं. मी आता गजर लावतो. गजर वाजतो, पण त्यात रुबाब नाही, आणि मला काकूंची फार आठवण येते.

परवा, एप्रिलच्या भर दुपारी, बाहेतीजी खुराड्याशी उकिडवे बसले होते. सदरा घामानं चिंब, आणि हातात बाजरी, तिच्यात ठेचलेला लसूण. मी त्यांच्या फाटकातून म्हटलं, "बाहेतीजी, अब तो दे दो किसी को."

त्यांनी कपाळावरचा घाम निपटला.

"देंगे भिया, देंगे. ठंड तो निकल जाने दो."