फडक्याने पुसायचं रान

आज सकाळी मी ओलं फडकं घेऊन केळीची पानं पुसत होते. प्लास्टिकची. आमच्या दहा बाय नऊच्या बेडरूममध्ये लेकीने कमी खर्चात ‘ट्रॉपिकल’ सजावट केली आहे. एका भिंतीला पानांचा वॉलपेपर, कोपऱ्यात वेताची टोपली आणि खिडकीत ही पानं. तिने मन लावून केलंय, तिच्यावर माझा राग नाही.

राग येतो तो खिडकीबाहेरचं रिकामं ग्रिल बघून. तिथे माझ्या अळूच्या दोन कुंड्या होत्या. कंद मी माहेरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. त्यांचं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर ठिबकलं आणि सोसायटीने नोटीस लावली, ग्रिलमध्ये कुंड्या ठेवू नयेत. मी निमूटपणे त्या गच्चीवर नेल्या. आठवड्याभरात अळू करपलं.

त्याच काकू काल खोली बघायला आल्या. “किती फ्रेश वाटतं गं,” म्हणाल्या, “आणि पाणी घालायची कटकट नाही.” मी त्यांना चहा दिला. साखर किती, तेही विचारलं. त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

हिरवं सगळ्यांनाच हवं असतं. फक्त त्याने वाढू नये, गळू नये, कुणाच्या चादरीपर्यंत पोचू नये. घरातल्या बाईकडूनही हेच हवं असतं, आणि मी तशी वागतही आले.

पान पुसून झालं. फडक्याकडे पाहिलं तर हिरवा रंग त्याला लागला होता.

मी आणखी जोरात घासायला लागले.