मिरचीचा कट्टा

“बा इल्लि, हात दे,” असं अक्का म्हणाली की समोरचा पोरगा निम्मा गार व्हायचा. ‘इकडं ये’ एवढं कानडीत, बाकी सगळं मराठीत. हात हाती आला की ती दोन बोटं नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. “दोन. सकाळी एक, आत्ता एक.” ती चुकल्याचं मला आठवत नाही.

गंमत अशी, की ही बाई स्वतः बिड्या वळून पोट भरत होती. निजामाच्या राज्यात, मुरुमला, आमच्या शेजारच्याच घरात. मांडीवर तंबाखूचं सूप, उजवीकडं पानं, डावीकडं कात्री. सकाळी कारखान्याच्या मालकाकडून पानं नि तंबाखू आणायची, संध्याकाळी वळलेल्या बिड्या नेऊन द्यायची. मोठ्यांनी ओढण्याला तिची हरकत नव्हती. “मिशा आल्यावर काय ते ओढा,” ती म्हणायची. “त्याच्या आधी माझ्या हातची न्हाय.”

माझे वडील शाळेत मास्तर. त्यांचा उपाय छडी. त्यानं एवढंच झालं की पोरं शाळेमागं ओढायची ती वेशीबाहेर ओढू लागली. अक्काला लिहिता येत नव्हतं आणि मी दहा वर्षांची असून मला येत होतं, म्हणून सापडलेल्यांची यादी माझ्याकडं. ती मला पेशकार म्हणायची. तहसिलात साहेबाशेजारी बसून लिहितो, तो पेशकार.

“ए पेशकार, लिही. सुताराचा मधला. दुसऱ्यांदा.”

दुसऱ्यांदा सापडला की त्यानं दुपारभर तिच्यासमोर बसून तंबाखू चाळायचा. डोळे, नाक गळू लागलं की ती शांतपणे म्हणायची, “ही नुसती धूळ. धूर अजून आत गेलाच न्हाय.” आणि स्वतः खोकायची. तिनं जन्मात बिडी ओठाला लावली नव्हती. आळीतला सगळ्यांत जुना खोकला मात्र तिचा.

पोरंही कमी नव्हती. बोटांना कडुलिंब चोळून यायची, पेरूचा पाला चोळून यायची. एकानं तर शेण लावलं.

“घरात म्हैस हाय का रे?”

“न्हाय.”

“लिही गं.”

याहून निर्ढावलेल्यांसाठी तिचा वेगळा कट्टा होता. तंबाखूत वाळल्या मिरचीच्या बिया मिसळून वळलेल्या पंचवीस बिड्या, ओळखीसाठी तांबड्या दोऱ्यानं बांधलेल्या; मालाच्या कट्ट्याला पांढरा दोरा असायचा. तो ती दारालगतच्या कोनाड्यात ठेवायची, चोरायला सोयीचा पडेल असा. थोड्या वेळानं मागच्या बोळातून ठसका ऐकू यायचा. अक्का मान वर न करता म्हणायची, “दोघं हायत.”

एक नाव मात्र यादीत नव्हतं. मालकाचा थोरला, चौदा वर्षांचा. त्याचा हात तिनं कधी हुंगला नाही. मी एकदा विचारलं.

“पानं कुणाकडनं येतात?” तिनं उलट विचारलं. त्या दिवशी तिनं कुणाचाच हात हुंगला नाही.

चूक माझी झाली. कोनाड्यातल्या कट्ट्यातल्या सात बिड्या पोरांनी पळवल्या होत्या, अठरा उरल्या होत्या. अर्धवट काही ठेवलेलं मला आजही बघवत नाही, तेव्हाही बघवत नव्हतं. मी सात चांगल्या बिड्या घालून पंचवीस केल्या. पंचवीस झाल्या म्हणून पांढरा दोरा बांधला, आणि पांढरा दोरा बांधला म्हणून कट्टा मालाच्या टोपलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक दारात. एका हातात कट्टा, दुसऱ्या हातात थोरल्याचा कान. थोरल्याचे डोळे लालभडक, नाकाला धार.

“अक्का, यात काय घातलंयस?”

अक्कानं कट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ‘पोरीनं केलं’ म्हणाली असती तर ते खरंच होतं.

“मिरची,” ती म्हणाली. “पोरांसाठीचा कट्टा हाय. चुकून तुमच्यात गेला.”

“गिऱ्हाइकाच्या हाती पडला असता तर?”

“व्हय. पण पडला कुणाच्या हाती?”

उत्तर त्यानं कानाला धरूनच आणलं होतं.

इथं ती थांबली असती तर निभावलं असतं. पानं बंद म्हणजे चूल बंद, हे मलासुद्धा कळत होतं. तिनं हात पुढं केला. “बा इल्लि.” थोरल्याची बोटं तिनं बराच वेळ हुंगली.

“रोजच्या पाच-सहा. वरीस झालं असंल. मालक, मला ठावं होतं. पानांपायी बोलले न्हाय. लिही गं पेशकार.”

मी लिहिलं.

“उद्यापासून पानं न्यायला येऊ नको,” मालक म्हणाला.

“बरं,” अक्का म्हणाली.

चार दिवस सुपात तंबाखू नव्हता. ती त्याच जागी बसून आमची ज्वारी निवडायची. तीन पायल्या आईनं मुद्दाम काढून दिल्या होत्या, आधीच निवडलेल्या.

पाचव्या दिवशी मागच्या बोळातून मालकीणबाई आल्या. बाजारपेठेत कधी पायी न दिसलेली बाई, कडेवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मागं थोरला, डोक्यावर तंबाखूचं पोतं.

“यांना सांगून आले,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, कारखाना तुमचा, पोरगा माझा.” मग पोराकडं वळून, “उभा काय राहिलास? कुठं बसून चाळायचं ते विचार अक्कांना.”

तेव्हापासून अक्काची पानं मालकीणबाईंच्या हातून येऊ लागली. मालकानं ती अडवली नाहीत.

पुढं रझाकारांच्या धास्तीचं वर्ष आलं. घरंच्या घरं हद्द ओलांडून सोलापूरकडं निघाली. तिच्या एका भाच्यानं अक्कालाही गाडीत बसवलं. जाताना तिनं मालकीणबाईंना निरोप धाडला, आठ दिवसांत येते, माझी पानं ठेवा. ती आली नाही. पुढं कुणी तिची बातमीही आणली नाही.

बिडीचं पान कोरडं पडलं की वळताना फुटतं. त्यासाठी ओल्या फडक्यावर दिवसातून दोनदा पाणी शिंपडावं लागतं. महिन्याभरानं मी एका दुपारी कारखान्यावर गेले होते. बायका आपापली पानं घेऊन गेलेल्या, कोपऱ्यात एकच गाठोडं उरलेलं. त्याच्यापुढं उकिडवा बसून मालक स्वतः पाणी शिंपडत होता.